प्रकल्प नोंदी: पहिलं घर, जानेवारी ते सप्टेंबर 2025

5 जानेवारी, रविवार

वही उघडली. घरमालकीणबाईंनी भाडं 17 वरून 19 हजार केलं. रात्री जेवताना ही एवढंच म्हणाली, "आता पुरे." अकरा महिन्यांचा करार पाचव्यांदा करायचा कंटाळा मलाही आलाच होता.

माझं काम भोसरी एमआयडीसीत, क्वालिटीला. पार्ट हातात आला की आधी ड्रॉइंग, मग गेज, मग सही. घरालाही तेच लावायचं: काय बघितलं, काय मोजलं, पास की रिजेक्ट. ही शिवाजीनगरला एका लॅबमध्ये. राहतो दिघीत. अपेक्षा: दोन बेडरूम, आई-अण्णा कोरेगावहून आले की त्यांना एक खोली, आणि हिचा प्रवास आजच्या सव्वा तासापेक्षा कमी.

शिल्लक: एफडी आणि पीएफमधून निघतील ते धरून साडेअठरा लाख. घर 65 लाखांपर्यंत. बँक 80 टक्के देते म्हणजे आपले 13 लाख. साडेपाच लाख उरतात. फर्निचरसुद्धा होईल!

12 जानेवारी, रविवार

फर्निचर होत नाही.

गेल्या रविवारचं गणित एका मित्राला दाखवलं, तो बँकेत आहे. तो हसला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांपर्यंत 80 टक्के, त्यावर 75 टक्के. आणि ही टक्केवारी घराच्या किमतीवर. मुद्रांक शुल्क, नोंदणी त्यात धरत नाहीत, ते खिशातून. सुधारित मांडणी, 65 लाखांच्या घरासाठी: आपला वाटा 13 लाख. मुद्रांक 7 टक्के (त्यात मेट्रोचा 1 टक्का अधिभार आलाच), 4.55 लाख. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजार. एजंट 1 टक्का, 65 हजार. बेरीज 18.50 लाख.

बरोब्बर साडेअठरा. म्हणजे नवीन घरात पहिल्या दिवशी आम्ही दोघं, गादी आणि गॅस.

19 जानेवारी, रविवार

मोशी. बांधकाम चालू असलेला प्रकल्प, बावीस मजले. माझ्या कंपनीपासून जवळ, रस्ते रुंद. किंमत 68 लाख, "आज आलात म्हणून".

सॅम्पल फ्लॅट सुंदर होता. इतका सुंदर, की काय खटकतंय ते कळायला दहा मिनिटं गेली. आतल्या एकाही खोलीला दार नव्हतं. दार नसलं की खोली मोठी दिसते, आणि दार उघडल्यावर ते कपाटाला आपटतं की नाही हेही कळत नाही. बेडरूममधला पलंग टेपनं मोजला: लांबी पाच फूट दहा इंच. माझी उंची पाच-अकरा. पलंग खोलीसाठी बनवला होता, माणसासाठी नाही.

खिशात गोटी नेली होती. बाथरूमच्या फरशीवर ठेवली. गोटी जाळीकडे जायला हवी. ती आधी घुटमळली, मग वळून शांतपणे दाराकडे निघाली. सेल्सचा मुलगा म्हणाला, "सर, हा फक्त सॅम्पल आहे." मी म्हटलं, "म्हणूनच विचारतोय." आमच्याकडे सॅम्पल लॉट नापास झाला तर पुढचा माल गेटातून आत येत नाही.

माहितीपत्रकात "742 कार्पेट". रेराच्या (घरखरेदीच्या कायद्याच्या) व्याख्येत कार्पेट म्हणजे आतल्या भिंतींसह वापरायची जागा. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी त्यात धरत नाहीत. मुलाला दोनदा विचारल्यावर खरा आकडा आला: 655, बाकी 87 बाल्कन्या.

निर्णय: राखून.

26 जानेवारी, रविवार

आज धायरी-नांदेडकडे जायचं ठरलं होतं. हिचं माहेर आनंदनगरला, सिंहगड रोडवर. तिला त्याच बाजूला घर हवं होतं, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं: उद्या मूल झालं तर हाकेच्या अंतरावर तिची आई.

गेलो नाही. आठवडाभर पेपरात जीबीएस, हातापायांतली ताकद घालवणारा मज्जातंतूंचा आजार. नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातच रुग्ण जास्त, आणि बोट पाण्याकडे. धायरी 2017 साली पूर्णपणे महापालिकेत आली, नांदेड-किरकटवाडी 2021 साली. हद्द वाढली त्या वेगानं पाइप वाढत नाही. शिवाय गेल्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत पहिल्या मजल्यापर्यंत काय झालं ते हिच्या आईनं फोनवर ऐकवलं होतं. ही लॅबमध्ये काम करते, तिला समजावायची गरज नव्हती. तरी संध्याकाळी गप्प होती. धायरी ते भोसरी एमआयडीसी माझा प्रवास पंचवीसेक किलोमीटर, हे कारण मी मुद्दाम काढलं नाही.

वहीत नवा रकाना घातला: पाणी. किंमत, कार्पेट, अंतर या तिन्हींच्या आधी.

2 फेब्रुवारी, रविवार

काल बजेट. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही. आम्ही दोघंही त्याच्या आत. नव्या प्रणालीत स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, पण करच नसेल तर वजावट घेऊन करायचं काय?

आणि इथून एक धागा सुटला. घर दोघांच्या नावावर घ्यायचं मुख्य कारण लोक सांगतात ते दोघांना वजावट. ते कारण गेलं. उलट घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे. 65 लाखांवर 65 हजार. कर्जाला मी सहकर्जदार, मालक ती.

घरी फोन केला. मला वाटलं अण्णा काहीतरी बोलतील. अण्णा म्हणाले, "हवेतल्या घराचं कुणाच्या नावावर करतोस त्याचं मला काय? जमीन घे म्हणत होतो." आईनं फोन घेतला. "कुणाच्या का नावावर असेना, गळत नाही ना ते बघ."

7 फेब्रुवारी

रेपो (रिझर्व्ह बँकेचा व्याजदर) 6.50 वरून 6.25. थांबणाऱ्याला व्याज मिळतं म्हणायचं.

16 फेब्रुवारी, रविवार

आमच्याच गल्लीतला एजंट. दिघीत टू बीएचके, 32 लाख! चौथा मजला, हवेशीर, मारुतीच्या देवळासमोर. कागद विचारले तर म्हणे, "नोटरी करून देऊ ना." बँक कर्ज? "ते नाही होणार. इथं सगळं असंच आहे."

सगळं असंच आहे हे खरंच आहे. लष्कराच्या मॅगझिनमुळे, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारामुळे, दिघी-भोसरीचा काही भाग रेड झोनमध्ये, तिकडे देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती दोन हजार यार्डांचा वेगळा. त्या पट्ट्यात परवानगी मिळत नाही, इमारती मात्र उभ्या आहेत आणि त्यांत माणसं सुखानं नांदतात. आम्हीही बहुधा त्यांतलेच भाडेकरू. भाड्यानं राहायला नोटरी चालते, आयुष्यभराचे पैसे घालायला नाही. रिजेक्ट.

2 मार्च, रविवार

मोशी, दुसरी भेट. या वेळी सेल्स ऑफिसात गेलो नाही. रात्री नऊला शेजारच्या, लोक राहायला आलेल्या सोसायटीच्या गेटवर जाऊन उभे राहिलो. वॉचमन विदर्भातला, गप्पिष्ट. पाण्याचं विचारलं. "दिवसाला दहा-बारा टँकर येते साहेब, उन्हाळ्यात मोजत नाही." तेवढ्यात एक आलाच. पाइप जोडेपर्यंत निम्मी बादली रस्त्यावर. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी आहे. जुन्या भागात निदान दिवसाआड तरी येतं. नव्या टॉवरला परवानगी मिळताना बिल्डर हमीपत्र देतो, महापालिकेचं पाणी पुरेसं येईपर्यंत मी पुरवीन म्हणून. पुढं सोसायटी ताब्यात दिली की ती हमी मेंटेनन्सच्या बिलात जाऊन बसते.

वारा फिरला तसा वास आला. मोशीचा कचरा डेपो. ही नाकाला ओढणी लावून म्हणाली, "दुपारी आलो तेव्हा नव्हता." सॅम्पल फ्लॅट दुपारी दाखवतात.

9 मार्च, रविवार

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तीन तास. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. जाहिरातीवरचा क्यूआर कोड आम्ही नुसता बघत होतो, स्कॅन केला नव्हता. मोशीच्या प्रकल्पाची मूळ पूर्ततेची तारीख डिसेंबर 2024, सुधारित डिसेंबर 2026. माहितीपत्रकात तारीखच नाही, "लवकरच ताबा" आहे.

30 मार्च, रविवार. गुढीपाडवा

सकाळी गुढी, श्रीखंड, आणि साडेदहापासून सेल्सच्या मुलाचे सहा फोन. पाडव्याला 51 हजार भरा, महिनाभरात 20 टक्के, करार सवडीनं. मी विचारलं, नोंदणीकृत करार केल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असं रेराचं कलम 13 म्हणतं, त्याचं काय? पलीकडे थोडी शांतता, मग "सरांना विचारून कळवतो". सर अजून कळवताहेत.

तसंही आमच्या आवाक्यातलं नव्हतंच. बांधकाम चालू असलेल्या घराला 5 टक्के जीएसटी: 3.40 लाख. मुद्रांक 4.76. नोंदणी 30 हजार. वर आपला 20 टक्के वाटा 13.60. बेरीज 22 लाखांच्या वर. शिवाय डिसेंबर 2026 पर्यंत इथलं भाडं आणि तिथला हप्ता, दोन्ही.

मोशी: रिजेक्ट. बाल्कनीतून डोंगर दिसत होते, हे नोंदवून ठेवतो.

1 एप्रिल

रेडी रेकनर (जागेचं सरकारी मूल्य) वाढला. दोन वर्षं तसाच होता. पिंपरी-चिंचवडमध्ये सरासरी 6.69 टक्के. मुद्रांक करारातली किंमत आणि सरकारी मूल्य यांत जे जास्त असेल त्यावर, त्यामुळे बघावं लागेल.

13 एप्रिल, रविवार

दिशा बदलली. नवीन नाही, जुनं. नळ चालू आहे, लोक राहताहेत, भोगवटा (इमारत वापरायची महापालिकेची परवानगी) मिळालेला आहे, जीएसटी नाही. आणि मेट्रो. पिंपरी ते स्वारगेट मार्ग सप्टेंबरपासून पूर्ण चालू आहे, शिवाजीनगर त्यातच. (एक गंमत: भोसरीच्या नावानं मेट्रो स्टेशन बांधलं ते भोसरीत नाही, नाशिक फाट्याला. भोसरीला जाणारा पाहुणा तिथं उतरून चकित व्हायचा.) नाशिक फाटा, कासारवाडी, दापोडी या स्टेशनांच्या आसपास दुचाकीनं दहा मिनिटांत जे येईल तेवढंच बघायचं.

आज चार पाहिली. कासारवाडीत एक, रेल्वेची शिट्टी थेट स्वयंपाकघरात. जुन्या सांगवीत दोन, एकाचा पार्किंगमधला खांब कमरेएवढ्या उंचीपर्यंत वेगळ्याच रंगाचा होता. एजंट म्हणाला नवीन रंग दिलाय. खांबाला फक्त कमरेपर्यंत कोण रंग देतं? पवना-मुळेला पूर आला की हा भाग बातम्यांत असतोच. चौथं घर पिंपळे गुरवमध्ये, मिळकतकराच्या जुन्या पावतीवर शास्ती. शास्तीकर सरकारनं माफ केला, पण तो लागला होता याचा अर्थ बांधकाम परवानगीबाहेरचं. चारही रिजेक्ट.

27 एप्रिल, रविवार

पिंपळे गुरव, आतली गल्ली. 2003 ची इमारत, सोळा फ्लॅट, चार मजले, लिफ्ट. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मालक काका खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त, आता मुलाकडे नाशिकला जाणार. मागणी 64 लाख.

दार उघडताच काकूंनी पाणी दिलं आणि काकांनी फाइल. निळी, दोरी बांधलेली. बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), भोगवटा दाखला, शेअर सर्टिफिकेट, 2004 पासूनच्या सगळ्या कराच्या पावत्या तारखेवार. मी म्हटलं, "काका, तुम्ही कुठल्या खात्यात होता?" "इन्स्पेक्शन." पुढची पाच मिनिटं आम्ही व्हर्नियरवर बोललो. ही माझ्याकडे बघत राहिली.

करारात "850 सेलेबल", म्हणजे भिंती-जिने वगैरे धरून. मी टेपनं मोजलं, काकांनी दुसरं टोक धरलं: 612 कार्पेट. मोशीपेक्षा 43 फूट कमी. दुसरी बेडरूम नऊ बाय दहा, आई-अण्णांची पलंग-कपाटाशी झटापट होईल.

गोटी: बाथरूममध्ये ठेवली, थेट जाळीत गेली, काढायला काकूंची हेअरपिन लागली.

बादली: वीस लिटरची, स्वयंपाकघराचा नळ पूर्ण उघडून 1 मिनिट 50 सेकंद. तिसऱ्या मजल्याला उत्तम. "पाणी असतं का हो?" असं कुणालाच विचारायचं नाही हे एव्हाना कळलंय, सगळे "भरपूर" म्हणतात. सचिवांकडे टँकरची बिलं मागितली. त्यांनी आधी वर-खाली बघितलं, मग रजिस्टर काढलं. गेल्या मे महिन्यात 9 टँकर, जूनमध्ये 2, बाकी वर्षभर शून्य. बोअर आहे, भांडी-धुण्याला.

दोष: वॉश बेसिनमागच्या भिंतीवर पोपडे. लिफ्टला बॅकअप नाही. खिडक्यांच्या ग्रिलला गंज. उत्तरेच्या बाजूला शेजारची इमारत इतकी जवळ, की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.

निघताना ही म्हणाली, "मी स्टेशनपासून एकदा येऊन बघते." म्हणजे काय ते पुढच्या नोंदीत.

2 मे, शुक्रवार

हिची तपासणी. शिवाजीनगरहून मेट्रो, वीसेक मिनिटं. नाशिक फाट्याहून शेअर रिक्षा, मग आतली गल्ली एकटीनं पायी, रात्री नऊला. मी चौकात बाइक लावून थांबलो, तिनं सक्त ताकीद दिली होती की मागं यायचं नाही. आली तेव्हा हातात दुधाची पिशवी. अहवाल तोंडी: "दोन दिवे बंद. पण इस्त्रीवाला उघडा, मेडिकल उघडं, पोळीभाजी केंद्रावर बायका उभ्या. कुत्री तीन, दोन झोपलेली." एकूण लॅबच्या दारापासून पन्नास मिनिटं.

पास. हा रकाना माझ्या वहीत नव्हताच.

18 मे, रविवार

काल चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले महापालिकेनं पाडले. हरित लवादाचा आदेश, सर्वोच्च न्यायालयातही टिकला. दिवसभर फोनवर तेच व्हिडिओ. लोकांकडे खरेदीखतं होती, ते कर भरत होते. मला जेवण गेलं नाही. आम्ही चार महिने टाइल्सच्या कडा बघतोय आणि हे एकदाही तपासलं नव्हतं.

निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. आमच्या बाजूला लाल रंगाचे असे दोन अर्थ आहेत, एक लष्कराचा आणि एक नदीचा, आणि एजंटाला दोन्ही "लांब आहे" असतात. पिंपळे गुरवच्या कडेनं पवना वाहते. विकास आराखड्याच्या नकाशात काकांची गल्ली शोधली, मग वास्तुविशारद असलेल्या हिच्या मामेभावाकडून सर्व्हे नंबर लावून घेतला. दोन्ही रेषांच्या बाहेर. तेव्हा जेवलो.

27 मे, मंगळवार

मान्सून मेमध्येच येऊन धडकला. एरवी वैतागलो असतो, आज कंपनीतून थेट पिंपळे गुरव. पावसात घर बघायची संधी कुणी देत नाही. गल्लीत पाणी घोट्याच्या खाली, अर्ध्या तासात ओसरलं. पार्किंग कोरडं. वर काकांकडे बेसिनमागची भिंत हातानं चाचपली: थंड, पण ओली नाही. काका म्हणाले, "वरच्यांच्या बाथरूमचं होतं, त्यांनी करून घेतलं." काकूंनी मान दुसरीकडे वळवली. नोंद केली आहे.

6 जून, शुक्रवार

रेपो एकदम अर्धा टक्का खाली, 5.50. फेब्रुवारीपासून मिळून एक टक्का. वीस वर्षांच्या 50 लाखांना साडेआठ टक्क्यांनी हप्ता 43,391 बसत होता, साडेसातनं 40,280.

आनंद दुपारपर्यंत टिकला. बँकेच्या मूल्यांकनवाल्याचा आकडा आला: 58 लाख. इमारत बावीस वर्षांची म्हणून. बँक 80 टक्के याच्यावर देणार, काकांच्या 64 वर नाही. म्हणजे कर्ज 46.40 लाख, वरचं सगळं आमचं. 64 ला घ्यायचं तर साडेबावीस लाख हातात हवेत. प्रकल्प बंद पडायच्या बेतात.

8 जून, रविवार

वकीलबाईंचा तीस वर्षांचा शोध अहवाल. बोजा नाही, वाद नाही. दोन गोष्टी निघाल्या.

एक, इमारतीखालची जमीन अजून मूळ मालकांच्या नावावर. सोसायटीच्या नावावर अभिहस्तांतरण झालेलंच नाही. बाईंच्या मते हे पुण्यात रोजचंच. सोसायटीनं मानीव (मूळ मालक-बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या) अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केला आहे, त्याची पोच पाहिली. पुनर्विकासाची वेळ येईल तेव्हा हे लागणार.

दोन, पार्किंग. काकांकडे 2004 ची बिल्डरची पावती, 25 हजारांची. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलंय की स्टिल्टखालचं, म्हणजे खांबांवरच्या इमारतीखालचं, पार्किंग ही सामाईक जागा, बिल्डरला विकता येत नाही. वाटप सोसायटी करणार. आम्हाला दोन बाइक लावायच्या आहेत, तरी करारात "पार्किंगसह" लिहायचं नाही असं बाईंनी बजावलं. काकांना हे सांगताना जड गेलं. जपून ठेवलेली पावती होती.

15 जून, रविवार

बोलणी. काकांपुढे वहीच ठेवली. 58 चं मूल्यांकन, अभिहस्तांतरण, ग्रिल, बेसिनची भिंत, आणि शेवटी आमची शिल्लक, पैशापर्यंत. एजंट टेबलाखालून पाय मारत होता, शिल्लक कुणी दाखवतं का! काकांनी चष्मा लावून पानं उलटली. गोटीची नोंद वाचून हसले. म्हणाले, "62." ही म्हणाली, "काका, 60 च्या पुढं आमच्याकडे नाहीच, वही खोटी नाही." आत काकूंनी कुकर बंद केला. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, मुलांना देऊन टाका. दुसरा येईल तो भिंत फोडेल."

60 लाख. विसार एक लाख, विसारपावतीवर सह्या. मांडणी: कर्ज 46.40. आपले 13.60. मुद्रांक 6 टक्के (हिच्या एकटीच्या नावावर) 3.60. नोंदणी 30 हजार. एजंट 60 हजार. बेरीज 18.10. उरतात 40 हजार. त्यातून सोसायटीची हस्तांतरण फी, जी महापालिका हद्दीत 25 हजारांच्या वर घेता येत नाही.

26 जून, गुरुवार

मेहुण्यानं बातमी धाडली: वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली मेट्रोला केंद्राची मंजुरी, काल. खाली लिहिलं होतं, "वाघोलीला घ्यायचं होतंस." वाघोलीच्या जाहिरातींत मेट्रो गेली कित्येक वर्षं पाच मिनिटांवर आहे.

या व्यवहाराच्या जाहीर नोटिशीची मुदत संपली, हरकत कुणाची नाही.

4 जुलै, शुक्रवार

साठेखताची (विक्रीच्या कराराची) नोंदणी. परवा आषाढी. आईला विचारलं, आषाढात चालेल का? निकाल आला: "कागदाला आषाढ नसतो. कलश श्रावणात ठेवा."

दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन 31, आमचा नंबर पावणेतीनला. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार (एक कंपनीतला, एक मामेभाऊ). हिचा अंगठा यंत्र घेईना. लॅबमध्ये सतत सॅनिटायझर, रेषाच पुसट झाल्यात. चार वेळा पुसून, पाचव्यांदा उमटला. "खरेदी घेणार" या ओळीपुढं तिचं एकटीचं नाव. बाहेर येऊन तिनं तो कागद दोनदा वाचला आणि उसाचा रस पाजला.

1 ऑगस्ट, शुक्रवार

बँकेचा चेक, खरेदीखत. मुद्रांक साठेखतालाच भरलेला, त्यामुळे आज नाममात्र. किंमत 50 लाखांच्या वर म्हणून 1 टक्का टीडीएस, 60 हजार, काकांच्या रकमेतून कापला. 26क्यूबी फॉर्म महिना संपल्यापासून तीस दिवसांत भरायचा, गजर लावून ठेवलाय. हप्ता 37,379.

10 ऑगस्ट, रविवार

किल्ल्या मिळाल्या. काकूंनी ओटा पुसून, देवळीत हळद-कुंकू ठेवून घर दिलं. काका प्रत्येक व्हॉल्व दाखवत फिरले, कुठला कशाचा त्याच्या चिठ्ठ्या बांधलेल्या.

सिलिंडरच्या कपाटाचं दार आतून उघडलं तर पेन्सिलीच्या तारखा. नवा सिलिंडर लावला की तारीख, वीस वर्षांच्या, चार ओळींत, बारीक अक्षर. मधे एका जागी अकरा दिवसांतच सिलिंडर संपलेला, पुढे कंसात "मुंज". रंगाऱ्याला सांगितलं, हे दार सोडून रंगव.

19 ऑगस्ट, मंगळवार

तीन दिवस पाऊस थांबायला तयार नाही. बेसिनमागची भिंत ओली. तळहाताएवढा डाग, नवीन रंगावर. वरच्यांकडे गेलो. त्यांच्या मते त्यांचं काम झालेलं आहे. सचिवांच्या मते बाहेरच्या पाइपाचं आहे. प्लंबरच्या मते फोडल्याशिवाय कळणार नाही.

आईला सांगितलं नाही.

14 सप्टेंबर, रविवार

डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारून आत तारीख टाकत जातोय. 19 ऑगस्ट, 27 ऑगस्ट (गणपती बसले तो दिवस), 5 सप्टेंबर. शेवटच्या दोन रेघांत अंतर एक बोट, म्हणजे वेग कमी झालाय. बाहेरचा पाइप काल बदलला, खर्च सोसायटीचा. आज पुन्हा पाऊस. पुढची रेघ येत्या रविवारी.